नळीचे दुसरे टोक

रविवारची सकाळ आहे. तालुक्याच्या गावातील एका घराच्या अंगणात जुनी जीप लोखंडी घोड्यांवर उभी केलेली आहे. तिच्याखाली पोते अंथरून कोणी तरी उताणे पडले आहे आणि बाहेर केवळ दोन पाय दिसत आहेत. शेजारी पाने, हातोडी, तारेचा ब्रश आणि गंजून दोन तुकडे झालेला सायलेन्सर. आठवडाभर कचेरीत फायली चाळणारा किंवा शाळेत वह्या तपासणारा हा गृहस्थ आज नव्या नळीची मापे घेत आहे. बाजारात मिळणारा तयार सायलेन्सर त्याला नको आहे. त्याच्या गाडीला, तिच्या उंचीला आणि तिच्या वाटांना साजेल असा तो स्वतः घडविणार आहे. घरातील मंडळींचे या उद्योगाविषयीचे मत अर्थातच वेगळे असते.

असे दृश्य महाराष्ट्रात आता दुर्मिळ राहिलेले नाही. १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी मोठ्या संख्येने बनू लागलेली जीप स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत जुळविली जाऊ लागली, आणि पुढे लष्कराच्या लिलावांतून, सहकारी संस्थांच्या आवारांतून व बागायतदारांच्या गोठ्यांजवळून ती खेडोपाडी पोहोचली. २०१० साली ‘थार’ आणि २०२० साली तिची नवी आवृत्ती बाजारात आल्यानंतर तरुण पिढीलाही घाटवाटांचे, चिखलाचे आणि ओढ्यांचे आकर्षण वाटू लागले. गाडी विकत घ्यावी आणि मग ती आपल्या हाताने थोडी बदलून घ्यावी, ही या छंदाची रीतच आहे.

या हौसेचा उपहास करण्याचे कारण नाही. पांढरपेशा समाजाने हत्यारांकडे फार काळ पाठ फिरविली. दिव्याचा फ्यूज गेला तरी माणूस बोलवावयाचा, हे आपल्याकडे प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले. अशा समाजात एखादा लेखनिक वेल्डिंगचा मुखवटा चढवून दोन नळ्या सरळ सांधावयास शिकतो, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु गाडीच्या इतर अनेक भागांत आणि एक्झॉस्टमध्ये एक मूलभूत भेद आहे. आसन वाकडे बसले तर पाठ मालकाचीच दुखते. रंग बिघडला तर शोभा त्याचीच जाते. एक्झॉस्टची नळी मात्र इंजिनापाशी सुरू होते आणि रस्त्यावर संपते. तिचे पहिले टोक मालकाच्या मालकीचे असते. दुसरे टोक शेजाऱ्याच्या कानाशी, पादचाऱ्याच्या नाकाशी आणि मागच्या आसनावर झोपी गेलेल्या मुलाच्या श्वासाशी येऊन थांबते. ही नळी घरी बसविणाऱ्याचे कौशल्य या दुसऱ्या टोकाशी उभे राहून तपासावे लागते.

नळीत काय घडते?

चार सिलिंडरांचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्याला दोन याप्रमाणे मिनिटाला ६००० आणि सेकंदाला १०० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटानंतर कित्येक शे अंश सेल्सिअस तापलेला वायू दाबाने बाहेर पडतो. तो थेट हवेत सोडला, तर प्रत्येक सुटकेचा धमाका ऐकू येईल, आणि सेकंदाला असे शंभर धमाके म्हणजे एक अखंड गर्जना होईल. हा ध्वनी खालच्या पट्टीतील असल्यामुळे तो भिंती आणि खिडक्या सहज पार करतो. रात्री दूरवरून जाणाऱ्या ट्रकची घरघर घरात ऐकू येते, पण त्याच रस्त्यावरचे बोलणे ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच.

या गर्जनेला वेसण घालण्याचे काम सायलेन्सर करतो. एका प्रकारात पेटीचे कप्पे असतात. नळीतून आलेल्या वायूला तेथे पसरण्यास जागा मिळते, ध्वनीच्या लाटा भिंतींवर आपटून परत फिरतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात. दुसऱ्या प्रकारात भोके पाडलेली नळी सरळ जाते आणि तिच्याभोवती दाबून भरलेली काचलोकर ध्वनी शोषून घेते. काही वर्षांनी ही लोकर जळते, भिजते, झडते आणि गाडीचा आवाज हळूहळू वाढत जातो. मालकाला ही वाढ जाणवतही नाही, कारण तो रोज ऐकत असतो.

इतिहासाचा एक योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. मशीनगनचा जनक हायरम मॅक्झिम याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम याने बंदुकीचा आवाज दडपणाऱ्या साधनाचे पेटंट १९०९ साली घेतले. पसरावयास जागा देऊन वायूचा आवेग मोडणे, हे त्याच्या साधनाचे आणि मोटारीच्या सायलेन्सरचे समान तत्त्व. बापाने गोळीबाराचा कडकडाट अखंड केला आणि मुलाने तो शांत करण्याची युक्ती शोधली. घरी सायलेन्सर बसविणाऱ्याने या दोहोंपैकी कोणाचा वारसा चालवावयाचा, हे ठरविले पाहिजे.

मोठ्या नळीचा भ्रम

सायलेन्सर बदलणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते. नळी जितकी रुंद आणि मोकळी, तितकी गाडी जोरकस, आणि जोर वाढल्याचा पुरावा म्हणजे आवाज. शर्यतीच्या मोटारींच्या बाबतीत या समजुतीत थोडे तथ्य आहे. त्या मोटारींची इंजिने सतत फार वेगाने फिरत असतात, वायूचे प्रमाण मोठे असते आणि अरुंद नळी त्यांना खरोखरच अडविते.

चढण-चिखलातील गाडीचा संसार मात्र अगदी वेगळा आहे. ती पहिल्या गिअरमध्ये, तळच्या गिअरपेटीच्या साह्याने, माणसाच्या चालीने दगडांवरून चढते. तेथे तिला वेग नको असतो. इंजिन सावकाश फिरत असताना मिळणारी ओढ हवी असते. नळी प्रमाणाबाहेर रुंद केली की कमी फेऱ्यांवर वायूची गती मंदावते. जलद निघून जाणारा वायूचा झोत आपल्यामागे जो किंचित कमी दाब ठेवून जातो आणि पुढच्या सिलिंडरला रिकामे होण्यास मदत करतो, तो लाभ नाहीसा होतो. परिणामी आवाज दुप्पट होतो आणि जेथे गरज आहे नेमकी तेथेच ओढ कमी पडते. ज्या कामासाठी खर्च केला त्याच कामात गाडी पांगळी व्हावी आणि मालकाने मात्र डरकाळी ऐकून समाधान मानावे, असा हा व्यवहार आहे. मूळ नळीच्या व्यासाजवळ राहणे, वळणे कमी व गोलाईदार ठेवणे आणि वळणात नळी चेपू न देणे, एवढ्यानेच घरगुती सुधारणेचा बहुतेक लाभ पदरात पडतो.

दुसरा भ्रम पाण्याविषयीचा आहे. ओढा ओलांडताना सायलेन्सरमधून पाणी शिरून इंजिन बिघडते, म्हणून नळीचे टोक छतापर्यंत न्यावे, असे अनेकांना वाटते. इंजिन चालू असते तोवर वायूचा दाब पाण्याला बाहेर ढकलत असतो. खरा धोका हवा आत घेणाऱ्या तोंडाचा असतो, कारण तेथून पाणी सिलिंडरमध्ये गेले की ते दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरविलेल्या लष्करी गाड्यांना हवेच्या व धुराच्या अशा दोन्ही नळ्या उंच करून दिल्या होत्या, कारण त्यांना समुद्राच्या खोल पाण्यातून किनारा गाठावयाचा होता. गुडघाभर पाण्याच्या ओढ्यासाठी नळी गाडीच्या सांगाड्याच्या वर, दगड लागणार नाही अशी आवळून बसविणे आणि पाण्यात इंजिन बंद पडू न देणे पुरेसे असते.

अंगणातील शिस्त

काम घरी होते म्हणून त्याची शिस्त सैल असून चालत नाही. गाडी सपाट व टणक जागेवर हवी, चाकांना दगड किंवा लाकडी ओंडके लावलेले हवेत, आणि तिचे ओझे घोड्यांवर पेललेले हवे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली अंग घालणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय नळीला हात लावू नये. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवावे, कारण मॅनिफोल्डमधील बोल्ट घाईने तुटला तर एका दिवसाचे काम आठवड्याचे होते. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी आणि यंत्राची अर्थिंगची तार सांध्याच्या जवळच जोडावी. आजच्या गाड्यांतील नाजूक इलेक्ट्रॉनिक पेट्या भलत्या वाटेने गेलेल्या विजेने निकामी होऊ शकतात.

नळी घडविताना नवशिका हमखास एक चूक करतो. तो प्रत्येक सांधा जमिनीवरच पक्का करतो आणि मग सबंध नळी गाडीखाली बसेना म्हणून तीच तोडत बसतो. जाणकार मिस्तरी सर्व तुकडे आधी जागेवर टांगून पाहतो, ठिपक्याएवढे टाके मारतो, सर्व बाजूंनी अंतर तपासतो आणि मगच सांधा पुरता भरतो. इंजिन रबरी बैठकांवर हलत असते, सांगाडा वेगळ्या लयीत हलत असतो. म्हणून नळी सांगाड्याला लोखंडाने जखडावयाची नसते. ती रबरी बुशांवर टांगावयाची असते आणि पुढे एक लवचिक जोड द्यावयाचा असतो. हा मोकळेपणा ठेवला नाही तर मॅनिफोल्डला तडा जातो. नळी इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर दूर असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमही सांगतात. ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या तारा यांनाही तीच सावधगिरी हवी.

जुने कारागीर नळी वाकविताना तिच्यात वाळू ठासून भरत, दोन्ही तोंडे बंद करीत आणि भट्टीत लाल करून ती वळवीत. वाळूमुळे नळी चेपत नसे. परंतु वाळू अगदी कोरडी लागते, कारण ओलसर वाळूतील पाण्याची वाफ होऊन नळीचे तोंड बंदुकीसारखे उडू शकते. जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी स्वस्तात मिळते म्हणून वापरण्याचा मोहही टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळते आणि त्याच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी भरून ताप येतो.

न दिसणारा वायू

आवाजाची निदान वाच्यता होते. एक्झॉस्टमधील खरा वैरी मुका आहे. कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो आणि शरीराची आतून घुसमट होते. डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच असतात, आणि म्हणूनच ती ओळखली जात नाहीत. दार लावलेल्या शेडमध्ये नवा सायलेन्सर ‘कसा वाजतो’ हे ऐकण्यासाठी इंजिन चालू ठेवणारा माणूस काही मिनिटांतच संकटात सापडू शकतो.

कापडी छताच्या जीपमध्ये हा धोका आणखी एका वाटेने येतो. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तेथे भोवरे फिरू लागतात. नळीचे टोक शरीराच्या कडेच्या आतच संपले, तर त्या भोवऱ्यांबरोबर धूर मागच्या उघड्या बाजूने आत ओढला जातो. पुढे बसलेल्या चालकाला वारा लागतो. मागे बसलेल्या मुलांना मात्र धूर मिळतो. म्हणून टोक गाडीच्या कडेबाहेर निघालेच पाहिजे आणि मधला एकही सांधा झिरपता कामा नये. त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी उघड्यावर, इंजिन थंड असताना सुरू करावी, जाड फडक्याने नळीचे टोक क्षणभर दाबावे आणि सांध्यांपाशी फुसफुस ऐकू येते का ते पाहावे. पन्नास-शंभर किलोमीटर चालविल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत आणि सांध्यांवर काजळीचा काळा ओघळ दिसतो का ते तपासावे.

नव्या गाड्यांत याच नळीवर आणखी एक जबाबदारी आहे. भारतात १९९५ पासून महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंच्या पातळ थरावर विषारी वायूंचे रूपांतर होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची कडक मानके लागू झाली. मोकळ्या आवाजाच्या हव्यासापायी हा कन्व्हर्टर कापून टाकणारे मिस्तरी आहेत आणि त्यांना पैसे देणारे सुशिक्षितही आहेत. शहराच्या हवेविषयी वर्गात धडा शिकवावयाचा आणि अंगणात तो कापून फेकावयाचा, ही विसंगती कोणत्याच समर्थनाने झाकली जात नाही. कन्व्हर्टर ठेवला तरी त्याचे उष्णतारोधक पत्रे काढू नयेत. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या पठारांवर वाळलेले गवत गुडघ्याएवढे असते. त्यावर तापलेली गाडी उभी करणे म्हणजे वणव्याला काडी दाखविणे होय.

कायदा आणि शेजार

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा स्पष्ट शब्दांत अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. वायूचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक वाहनाला हवाच, असे नियम १२० सांगतो. तेव्हा गंजलेल्या नळीच्या जागी तशीच सक्षम नळी घालणे ही दुरुस्ती होय. गर्जनेसाठी सायलेन्सर पोकळ करणे हा अपराध होय. या दोहोंच्या मध्ये काही करावयाचे असेल, तर हत्यार उचलण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. त्या दृश्याने तात्पुरते समाधान होते, परंतु प्रश्न सुटत नाही. पीयूसी केंद्रावर धूर मोजला जातो, आवाज मोजला जात नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते. मध्यरात्री गल्लीतून गेलेला एक पोकळ सायलेन्सर किती घरांतील रुग्णांना, तान्ह्या मुलांना आणि परीक्षेच्या विद्यार्थ्यांना जागे करतो, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पहारा प्रत्येक गल्लीत ठेवता येत नाही. जेथे शिपाई नसतो, तेथे कारागिराची सदसद्विवेकबुद्धीच कामाला यावी लागते.

आडवाटेच्या गाडीला तर शांततेचे अगत्य अधिक असावयास हवे. माणूस शहरातील गोंगाटाला कंटाळून घाटमाथ्यावर जातो. तेथे पोहोचण्याचे वाहनच गोंगाट बरोबर घेऊन जात असेल, तर शहर सुटलेच कोठे? वाटेवरची गुरे बुजतात, पाखरे उडून जातात, आणि वाडीतील लोक या पाहुण्यांकडे मुकाट्याने पाहत राहतात. त्या मौनाचा अर्थ स्वागत असा लावणे सोयीचे असते, इतकेच.

हाताने काम करण्याची प्रतिष्ठा समाजात वाढावी, ही इच्छा योग्यच आहे. परंतु कारागिरीची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या सुखाची राखण करण्यातूनच आली आहे. सुताराची खिडकी वाजत नाही, गवंड्याची गच्ची गळत नाही, लोहाराचा विळा हातातून निसटत नाही. चांगल्या कामाची आठवण बहुधा कोणाला होत नाही, हीच त्याची पावती असते. अंगणात चार रविवार खपून एखाद्याने नवा एक्झॉस्ट बसविला, संध्याकाळी गाडी सुरू करून तो गल्लीतून फेरी मारून आला, आणि कुंपणापलीकडच्या आजोबांनी त्याला विचारले, “काय रे, गाडी अजून सुरू होत नाही वाटते?”, तर त्याने खुशाल समजावे की काम उत्तम झाले आहे.